डोंबिवली स्टेशनात सापडलेला आकडा : १२३४५६७८९८७६५४३२१

घोडबंदर_रोडवरून :
मंडळी, धागा गणिताचा आहे पण पळू नका, सुरुवात पावसाची आहे. परवा रविवारी सकाळपासून नुसता कोसळत होता, सोसायटीच्या गेटपाशी घोटाभर पाणी, त्यात लाईट गेलेले म्हणजे वायफाय नाही. कन्या सातवीत आहे, तिने माझा फोन घेतला आणि कॅल्क्युलेटरवर १ चं बटण दाबत बसली. ११ गुणिले ११, १२१. १११ गुणिले १११, १२३२१. ११११ गुणिले ११११, १२३४३२१. इथे ती ओरडली, बाबा जिना बघ, चढतोय आणि उतरतोय! मग काय, दर वेळी एकेक १ वाढवत गेलो. नऊ वेळा १ लिहून वर्ग करायला गेलो तर फोनने मध्येच ई घातला, १.२३४५६७८९ई१६ असलं काहीतरी, आणि कन्या म्हणे शेवटची पायरी कुठे गेली. मग वीजबिलाच्या पाठीमागे हाताने गुणाकार केला, दोघांनी मिळून, दोनदा चुकून. उत्तर आलं

१२३४५६७८९८७६५४३२१

सतरा आकडे, उलटा वाचला तरी तोच. आता तिचे प्रश्न थांबत नाहीयेत आणि माझं गणित बारावीनंतर सुटलं ते सुटलंच, म्हणून इथे विचारतोय. याला काही नाव आहे का, हे असं का होतं, आणि हा आकडा मराठीत वाचायचा कसा? अब्जाच्या पुढे माझी गाडी जात नाही.

तलावपाळी :
गुणाकार तपासा साहेब. आत्ता एक्सेलमध्ये केलं, १२३४५६७८९८७६५४३०० येतंय. शेवटी दोन शून्यं आहेत. बावीस वर्षं अकाउंट्समध्ये काढलीत, एक्सेलने मला कधी दगा दिलेला नाही.

ऐरोली_नाईट_शिफ्ट :
तलावपाळी काका, शून्य येऊच शकत नाही. दोन्हीकडे एकं घरात १ आहे, १ गुणिले १ किती? झालं मग, शेवटी १ च पाहिजे. एक्सेल पहिले १५ आकडेच खरे धरतं, पुढच्या घरांत शून्यं भरतं. त्याच्या मुळाशी अजून एक भानगड आहे. कॉम्प्युटर नेहमीच्या पद्धतीने आकडा ठेवतो तेव्हा ५३ बिटांची (म्हणजे ० किंवा १ च्या ५३ घरांची) जागा मिळते, म्हणजे २ चा ५३ वा घात, ९००७१९९२५४७४०९९२, तिथपर्यंत प्रत्येक पूर्णांक नीट बसतो. आपला आकडा त्याच्या पुढचा. आणि तिथून पुढे दुप्पट होईपर्यंत फक्त सम आकड्यांनाच सीट आहे, विषम आला की त्याने शेजारच्या समच्या मांडीवर बसायचं. ब्राउझरमध्ये टाकून बघितलं तर शेवटी ३२१ च्या जागी ३२० येतं ते यामुळेच. १६ आकडी कार्ड नंबर कधी तसाच एक्सेलमध्ये टाइप करून बघा, शेवटचा आकडा गायब आणि तिथे शून्य. आधी सेल टेक्स्ट करायचा, मग टाकायचं.

तलावपाळी :
टाकून बघितलं. शून्य आलं. धागाकर्त्याची माफी मागतो, आणि आता जुन्या फाइली उघडून बसतोय, पोटात गोळा आलाय.

सव्वासातची_स्लो :
वाचतोय. चहा घेऊन पहिल्या रांगेत बसलोय.

नौपाड्याची_माई :
अरे घोडबंदर, लेकीला म्हणावं गुणाकार उभा मांड आणि घाई करू नकोस. नऊ वेळा १ ला दर वेळी १ नेच गुणायचंय, म्हणजे प्रत्येक ओळ तीच, फक्त एकेक घर डावीकडे सरकत जाते. नऊ ओळी लिहून झाल्या की वरून खाली बघ. उजव्या टोकाला एकच १, त्याच्या शेजारी दोन, मग तीन, असं करत मधोमध नऊ, आणि पुन्हा उतरत डाव्या टोकाला एक. बेरीज म्हणजे काय, तर कुठल्या घरात किती जण एकावर एक उभे आहेत तेवढंच. आपल्या ठाण्यात हंडीला नऊ थर लावतात, अगदी तस्सं! आणि नऊपर्यंत कुठेही हातचा येत नाही म्हणून जिना शाबूत राहतो. दहावा १ लावलास की मधल्या घरात दहा होतात, शून्य लिहून हातचा एक, तो जाऊन शेजारच्या नऊवर बसतो, तिथेही दहा, पुन्हा शून्य आणि हातचा एक, तो आठावर, तिथे झाले नऊ. उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१. चढताना आठवी पायरीच नाही आणि मध्ये दोन खड्डे.

नाव विचारलंस ना. याला डेमलो संख्या म्हणतात, आणि हे नाव आपल्या डोंबिवलीवरून पडलंय! दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, देवळालीच्या शाळेत मास्तर होते, १९३० ते १९६२. त्यांना या संख्यांचा अभ्यास करावा असं सुचलं ते जीआयपी रेल्वेच्या (आताची मध्य रेल्वे) डेमलो स्टेशनात, मुंबईपासून ३० मैलांवर, म्हणजे आताची डोंबिवली. जन्म १९०५ चा, डहाणूचा. शाळा आपल्या ठाण्यात. कॉलेज पुण्याला फर्ग्युसनमध्ये, तिथे १९२७ साली रँग्लर परांजप्यांच्या नावाचं गणिताचं बक्षीस मिळवलं. पुढे काही एम्ए-पीएचडी नाही, शाळा सांभाळून सगळं केलं. चार आकडी संख्येचे अंक (सगळे सारखे नकोत) उतरते आणि चढते मांडून वजाबाकी करत राहिलं की शेवटी उरतो तो ६१७४ सगळ्यांना माहीत असतो, तोही यांचाच, पण डेमलोबद्दल डोंबिवलीतच कोणाला माहीत नसतं. मी ३१ वर्षं गणित शिकवलं, दरवर्षी पोरांना सांगायचे.

सव्वासातची_स्लो :
डेमलो?? माई मी डोंबिवलीत जन्मलो, डोंबोली ऐकलंय, डोंबिवली ऐकलंय, डेमलो आयुष्यात पहिल्यांदा. आणि मी त्या स्टेशनात रोज उभा असतो हो, अकरा वर्षं झाली, मला तिथे आजवर एकच गोष्ट सुचलीये की आपला डब्बा नेमका कुठे येऊन थांबणार.

वाढवणचा_वारा :
डहाणू पालघर जिल्ह्यात आहे. ठाणेकरांनी माणसं ढापू नयेत _/\_

कोपरीचे_आप्पा :
पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला. १९०५ साली डहाणू ठाणे जिल्ह्यातच होते. तस्मात् कापरेकर आमचेच.

आता धागाकर्त्याच्या तिसऱ्या प्रश्नाकडे कोणी वळले नाही म्हणून लिहितो. भास्कराचार्यांच्या लीलावतीत दहाच्या पटीतल्या अठरा स्थानांची नावे आहेत, अगदी एकंपासून परार्धापर्यंत. त्या क्रमाने डावीकडून वाचा: १ मध्य, २ अंत्य, ३ जलधि, ४ शंकु, ५ महापद्म, ६ निखर्व, ७ खर्व, ८ अब्ज, ९ अर्बुद, ८ कोटी, ७ प्रयुत, ६ लक्ष, ५ अयुत, ४ सहस्र, ३ शत, २ दश, १ एक. गंमत पाहा, जो आकडा दोन्ही बाजूंनी सारखा आहे त्याचे सगळ्यात वरचे स्थान 'मध्य'. आणखी एक घर वर गेलात की परार्ध, म्हणजे यादी संपली. सत्यनारायणाच्या संकल्पात गुरुजी 'द्वितीये परार्धे' म्हणतात तो परार्ध ब्रह्मदेवाच्या आयुष्याचा अर्धा भाग, तो वेगळा. पण नावातला रुबाब सारखाच.

घोडबंदर_रोडवरून :
आप्पा दंडवत घ्या. कन्येला जलधि आणि शंकु फार आवडले, आता घरात दूध किती आणायचं तर दोन जलधि लिटर असं चाललंय. पण बँकेच्या भाषेत सांगायचं तर?

तलावपाळी :
१ अब्ज २३ कोटी ४५ लाख ६७ हजार ८९८ कोटी, ७६ लाख ५४ हजार ३२१. हे मी हाताने केलं, एक्सेल न उघडता. रच्याकने एवढे सेकंद मोजायचे म्हटले तर ३९ कोटी वर्षांच्या वर जातात. डायनासोर बरेच नंतरचे.

लकी_नंबर_एमएच०४ :
सगळ्या आकड्यांची बेरीज करा, ८१. आठ अधिक एक नऊ. मंगळाचा अंक. उगाच नाही सुंदर दिसत. माझ्या गाडीचा नंबर पण नऊ बेरजेचा घेतलाय, जास्तीचे पैसे भरून, सहा वर्षांत घोडबंदर रोडवर ओरखडा नाही.

नेरुळ_सेकंड_इयर :
काका नऊने भाग जाणाऱ्या कुठल्याही आकड्याची बेरीज करत गेलात तर शेवटी नऊच उरतो, मग १८ पण शुभ, १०८ पण शुभ आणि माझ्या मेसचं बिल ३६०० पण शुभ. ओरखडा नाही कारण तुम्ही गाडी नीट चालवता. पण तुम्ही ८१ च्या पुढे उगाच गेलात, भारी गोष्ट ८१ वरच होती. या आकड्याला ८१ ने पूर्ण भाग जातो! म्हणजे स्वतःच्याच अंकांच्या बेरजेने भाग जातो, अशा संख्यांना हर्षद म्हणतात, आनंद देणाऱ्या, हे नाव पण कापरेकरांनीच दिलेलं. भागाकार येतो १५२४१५७८९९७१०४१ आणि हा परत वर्गच आहे, १२३४५६७९ चा. नीट बघा, त्यात ८ नाहीये. १२३४५६७९ ला ९ ने गुणलं की नऊ वेळा १.

आता अवयव. १११११११११ म्हणजे १११ गुणिले १००१००१, हे तोंडी दिसतं. १११ म्हणजे ३ गुणिले ३७. १००१००१ म्हणजे ३ गुणिले ३३३६६७. म्हणजे एकूण ३, ३, ३७ आणि ३३३६६७. वर्गात प्रत्येक जण दुप्पट वेळा येणार, ३ चार वेळा, बाकीचे दोन-दोनदा. याला एकूण किती आकड्यांनी भाग जातो ते काढायचं तर ५ गुणिले ३ गुणिले ३, पंचेचाळीस.

सव्वासातची_स्लो :
३३३६६७ ला आणखी कशाने भाग जात नाही हे कशावरून? काल ट्रेनमध्ये बसायला मिळालं (चमत्कार) म्हणून करत बसलो. ५७७ पर्यंतच्या मूळ संख्यांनी तपासावं लागतं कारण ५७८ चा वर्ग पुढे जातो. त्या आहेत १०६. मी ४१ पर्यंत आलो आणि दादर आलं. उतरताना धक्काबुक्कीत पेन गेलं.

नेरुळ_सेकंड_इयर :
दादा १०६ नाही, १६ च पुरतात. सांगतो, जरा शांतपणे वाचा. ३३३६६७ हा ९९९९९९९९९ चा अवयव आहे. अशा आकड्याला भाग देणारी जी कोणी मूळ संख्या असेल, तिने १ ला भागलं की दशांशातले आकडे नऊ घरांनी परत परत येतात, किंवा मग तीन घरांनी नाहीतर एका घराने. एका घराने येणारी मूळ संख्या फक्त ३ आणि तीन घरांनी येणारी फक्त ३७. ३ ने जात नाही, बेरीज २८ आहे. ३७ ने बाकी १ उरते. उरल्या नऊ घरवाल्या. आणि आवर्तन किती घरांचं आहे त्या आकड्याने 'मूळ संख्या वजा १' ला नेहमी भाग जातो, म्हणजे इथे ९ ने जायला हवा, शिवाय विषममधून १ काढला की सम होतं म्हणून १८ ने. तर १८ च्या पाढ्यात १ मिळवायचा आणि त्यातल्या मूळ संख्या उचलायच्या: १९, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१, ५७७. बास. एकानेही भाग जात नाही.

सव्वासातची_स्लो :
डोंबिवली ते घाटकोपर, उभ्याने, फोनवर, सोळाच्या सोळा तपासले. खरं आहे. माझ्या आयुष्यातला पहिला सिद्ध केलेला काहीतरी. शेजारचा म्हणाला शेअर बघताय का.

नौपाड्याची_माई :
नेरुळ, शाब्बास रे. पण तू ४५ लिहून पुढे निघून गेलास, मी इथे खुर्चीत उठून बसले. ४५ चा वर्ग २०२५, त्याचे दोन तुकडे कर, २० आणि २५, बेरीज पुन्हा ४५. हीच कापरेकर संख्या. २९७ चा वर्ग ८८२०९, ८८ अधिक २०९, २९७. ७०३ चा ४९४२०९, ४९४ अधिक २०९, ७०३. घोडबंदर, लेकीला हे करायला दे. नऊ वेळा १ चा वर्ग तिच्याकडे आहेच, तोडून बघू दे काय येतं. मी मुद्दाम सांगत नाहीये.

पाम_बीचचा_बगळा :
या सगळ्याचा उपयोग काय पण? कोडींगच्या मुलाखतीत विचारतात का?

ऐरोली_नाईट_शिफ्ट :
मी यापुढे विचारणार आहे.

घोडबंदर_रोडवरून :
माई, तुमचा होमवर्क केला, त्याची हकीकत लांब आहे.

शनिवारी दुपारी बसलो. वीजबिल संपलं म्हणून यंदा वही. १२३४५६७८९८७६५४३२१, उजवीकडचे नऊ आकडे तोडले, ९८७६५४३२१. डावीकडे उरले १२३४५६७८. बेरीज केली तर ९९९९९९९९९. तिला नऊ वेळा १ हवे होते, आले नऊ वेळा ९. जरा हिरमुसली, मग म्हणाली पण हे काही साधंसुधं नाही बाबा, आणि उलटी मागे गेली. १२१ तोडलं, १ अधिक २१, २२. १२३२१, १२ अधिक ३२१, ३३३. १२३४३२१, १२३ अधिक ४३२१, ४४४४. पाचाला ५५५५५. आठाला ८८८८८८८८. मी आईशप्पथ म्हणालो, तिने मला दंड लावला (घरात पाच रुपये आहे).

मग म्हणे दहा करू. मी म्हटलं नको गं, दहाला जिना पडतो, आजींनी सांगितलंय ना. तरी केलं. १२३४५६७९००९८७६५४३२१. उजवीकडचे दहा आकडे तोडले, ०९८७६५४३२१. डावीकडे १२३४५६७९०. आणि बेरीज.

११११११११११.

दहा वेळा १. मोजून बघितलं, तीनदा मोजलं. म्हणजे जो मोडका म्हणून सोडून दिलेला तोच कापरेकर निघाला आणि एवढा देखणा नऊवाला नाही निघाला. आम्ही काही चुकतोय का?

तलावपाळी :
चुकीचं नाही म्हणत, पण डावीकडे शून्य असलेला तुकडा चालतो का? ०९८७६५४३२१ हा दहा आकडी कसा काय? हिशेबात असं कोणी लिहिलं तर मी व्हाउचर परत पाठवतो. आधीच एकदा तोंडावर पडलोय म्हणून नुसतं विचारतोय.

नौपाड्याची_माई :
चालतं. ९९ चा वर्ग ९८०१, ९८ आणि ०१, बेरीज ९९. ९९९ चा ९९८००१, तिथे तर ००१ आहे. तुकडा घरं मोजून तोडायचा, मग त्या घरात काय आहे ते बघायचं नाही. व्हाउचर पास करा.

घोडबंदर, मी तुला नऊच सांगितले होते. दहा लेकीने स्वतःहून केले, हे तिला नक्की सांग.

नेरुळ_सेकंड_इयर :
हे का होतं ते काढलं, लेक्चर बुडवून. नऊची कसोटी आठवा, अंकांची बेरीज केली तरी ९ ने भागल्यावरची बाकी बदलत नाही. तसंच पाच-पाच घरांचे तुकडे करून बेरीज केली तर ९९९९९ ने भागल्यावरची बाकी बदलत नाही. आता ९९९९९ म्हणजे ९ गुणिले १११११. मग १११११ च्या वर्गाला त्याने भागायचं म्हणजे एक १११११ वर-खाली कटतो, आणि प्रश्न एवढाच उरतो की १११११ ला ९ ने भागून बाकी किती? अंकांची बेरीज ५, बाकी ५, म्हणून पाच वेळा ५. नऊ वेळा १ ला बाकी शून्य, आणि शून्य म्हणजे इथे सगळे ९. दहा वेळा १ ला बाकी १, म्हणून तो स्वतःच परत येतो. जिन्याचा आणि या बेरजेचा काही संबंधच नाही, हातचा येवो न येवो हिशेब तोच राहतो. अकराला २ चे अकरा आकडे येतील बघा, वर्ग १२३४५६७९०१२०९८७६५४३२१ आहे.

सव्वासातची_स्लो :
१२३४५६७९०१ अधिक २०९८७६५४३२१, २२२२२२२२२२२. आला! दिवा-मुंब्रा दरम्यान, फोनवर न बघता, नुसत्या पेपरच्या कडेला. पेन नवीन घेतलंय.

लकी_नंबर_एमएच०४ :
म्हणजे नऊ शुभ नाही, दहा शुभ?

ऐरोली_नाईट_शिफ्ट :
लोल. काका तुमची गाडी जशी आहे तशी ठेवा.

कोपरीचे_आप्पा :
बाकी १ पुन्हा केव्हा येईल? एकोणीस वेळा १ घेतले तर.

नेरुळ_सेकंड_इयर :
आप्पा +१. आणि १९ ची अजून एक भानगड आहे. नुसते १ लिहून होणारा आकडा मूळ निघतो असं फार क्वचित होतं. दोन वेळा १, म्हणजे ११, तो आहे. त्यानंतर थेट १९ वेळा. मग २३, मग ३१७, मग १०३१. म्हणजे एकोणीस वेळा १ ही मूळ संख्या पण आहे आणि कापरेकर पण.

घोडबंदर_रोडवरून :
हे वाचून दाखवलं ती चूक झाली. रात्रीचे साडेदहा वाजलेत, उद्या शाळा आहे, आई ओरडतेय. १९ वेळा १ उभ्या वहीत मावेनात म्हणून वही आडवी केली. मी म्हटलं वर्ग किती आकडी येईल ते आधी मोज, नाहीतर मध्येच कागद संपेल. तिने बोटांवर मोजलं, दोनला तीन, तीनला पाच, नऊला सतरा, म्हणजे दुप्पट वजा एक. सदतीस. माई, परत ३७ च. पट्टी घेऊन सदतीस घरं आखून झालीयेत, उजवीकडून चार भरली आहेत, १, २, ३, ४.